भिंतीला भरवलेला घास

—तसा नव्हे हो, साधासुधा नेम नव्हता तो. आषाढी एकादशीला देवापुढे बसून, हातावर पाणी घेऊन संकल्प सोडलेला. कार्तिकी एकादशी उजाडेपर्यंत दारच्या मुक्या जिवाला घास घातल्याशिवाय माझ्या तोंडात घास जाणार नाही. एवढंच. ऐकायला एवढंच. आणि त्या नेमासाठीच म्हणते, ओव्हरसियरसाहेब, त्या भिंतीला आत्ता हात लावू नका. तुमचा मिस्त्री खाली पानाच्या दुकानाशी उभा आहे ना, राहू दे उभा. पान खाईल, फुटबॉलवर भांडेल, त्याचा वेळ मजेत जाईल. तुम्ही बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय—हां, ह्या. किती बरं वाटलं हो तुम्ही दारात उभं राहून "बाई, ओल कुठे आहे?" असं सरळ मराठीत विचारलंत तेव्हा! क्वार्टर्सची दुरुस्ती म्हटलं की इथे कोणीतरी येतं, भिंतीकडे बघतं, "होबे, होबे" म्हणतं—होईल, होईल—आणि जातं. चार वर्षांत मराठी माणूस पहिलाच. नागपूरकडचे ना? वाटलंच. नाव काय म्हणालात, विनायक? माझ्या धाकट्या दिराएवढे आहात, मी आपली विनायकराव म्हणते.

नेम धरला तो ह्यांच्यासाठी. आमचे हे—खाली पाटीवर नाव वाचलंत ना, दिगंबर, ते; मी काही घेत नाही—खिदिरपूरला डॉकवर, कस्टम्समध्ये. जहाजातून उतरलेल्या पेट्या उघडायच्या, आत काय आहे ते बघायचं, हे काम. ज्येष्ठात एका पेटीवर वाकले ते सरळ झालेच नाहीत. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तो पडदा दिसतोय ना, त्याच्या पलीकडे आहेत, उशांना टेकवून बसवलंय. नाही नाही, हळू बोलायची गरज नाही. डॉक्टर म्हणतात, ऐकू येत असेलही, नसेलही. पंधरा दिवसांनी येतात बिचारे, डोळ्यांत बॅटरी मारतात, तळपायाला छोटी हातोडी लावतात, आणि सांगताना त्यांचाच चेहरा पडतो—"बौदी, नो रिस्पॉन्स." वहिनी, प्रतिसाद नाही. श्वास चाललाय, घास गिळला जातोय, बाकी प्रतिसाद नाही. आता डॉक्टरांच्या हातात जे नाही ते देवाच्या हातात असतं, नाही का? म्हणून नेम.

सुरुवातीला गाय होती. कोपऱ्यावरच्या गवळ्याची, लक्खी नावाची. अकरा वाजता मी पोळीचा घास घेऊन जिना उतरायची तर ही बया फाटकापाशी हजर. आणि मानी किती! ताजी पोळी असली तर मान डोलवायची. शिळी असली की नुसती हुंगायची आणि तोंड फिरवून ट्रामच्या रुळांकडे बघत उभी राहायची. एकदा साजूक तूप संपलं म्हणून वनस्पती लावलं, तर जिभेने पोळी परत माझ्या तळहातावर ठेवलीन. अगदी परत! असा दीड महिना नेम छान चालला, आणि मग गौरीगणपतीच्या सुमाराला पाणी भरलं. आमच्या ह्या बेहाला भागात पाणी भरतं म्हणजे काय ते तुम्ही नवे आहात, अजून बघायचंय तुम्हाला. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत, चांगले चार दिवस. आमच्या फाटकातून कुणाचं तरी कमोडचं झाकण तरंगत आत आलं आणि दोन दिवस राहून परत गेलं, पाहुण्यासारखं. गवळ्याने गुरं आधीच कुठे उंचावर हलवली, लक्खी गेली ती गेलीच.

आता मुका जीव आणायचा कुठून? लीना म्हणाली—लीना आमची मुलगी, आठवीत आहे, मराठी बोलते पण जरा इकडच्या वळणाची—म्हणाली, "आई, तू कावळ्याला दे ना, तो कधीपासून बसला आहे." म्हटलं, अगं, कावळा मुका? तो सकाळपासून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय! —काय म्हणालात? गायही हंबरते? अहो, गाईची गोष्ट वेगळी. गाय म्हणजे गाय. मग शेजारच्या लाहिरी बौदींची मांजर उचलून आणली. अडला हरी. वरणभात ठेवला, वर तुपाची धार. तिने वरणभाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाटीच्या मागे मासा लपवलाय का तेही बघितलं, आणि शेपटी उभी करून चालती झाली. मुंग्या होत्या रांगेने. पण घास एका मुंगीला घालायचा की सगळ्यांत वाटायचा? वाटला तर एका जिवाला घास कसा झाला? आणि एकीलाच घातला तर ती त्याच्याखाली चिरडून मरायची, म्हणजे पुण्य राहिलं बाजूला आणि हत्या पदरात. तो दिवस उपास घडला. दुसरा तसाच. साडेबाराला ह्यांना भरवलं, लीनाला वाढलं, आणि मी घास हातात घेऊन ह्या खिडकीतून त्या खिडकीत. खाली पाणीच पाणी, एक जीव नाही.

तिसऱ्या दिवशी चार वाजता डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून ह्या भिंतीला हात टेकला. गार. ओली. आणि हाताखाली काहीतरी मऊमऊ, केसाळ. चष्मा लावून बघते तर पांढऱ्या बारीक मिशा फुटलेल्या, आणि त्यांच्यामागे भाकरीएवढा काळपट चेहरा. मला वाटलं, बघतोय माझ्याकडे. आता तीन दिवसांच्या उपाशी बाईकडे भिंतही बघते म्हणा! पण मी काय केलं, दूधभाताचा घास कालवला, तिच्या पायाशी ह्या पट्टीवर ठेवला, हात जोडले, आणि आत जाऊन जेवले. नुसतं वरण, पण इतकं गोड लागलं, विनायकराव, की ताटातच रडले. आणि सकाळी येऊन बघते तर घास नाही, आणि ओल चार बोटं मोठी!

—झुरळं? काय बोलता! माझ्या घरात झुरळं? ...बरं, असतील एखाददोन, पुराने आणलेली. पण झुरळांनी खाल्लं आणि वाढली ओल, हे कसं जमायचं? ज्याने खाल्लं तो वाढणार. नाही, तुम्हीच सांगा.

तेव्हापासून चाळीस दिवस झाले, रोज घास. ह्या पेन्सिलच्या रेघा बघा, मुलांची उंची मापतो ना दाराच्या चौकटीवर, तशा. ही ऋषिपंचमीची. ही अनंतचतुर्दशी, ही सर्वपित्री. घटस्थापनेला कॅलेंडर ओलांडलंन आणि कोजागिरीला बटणांच्या फळीला टेकली. लीनाने आधी मला वेड्यात काढलं. मग तिच्या शास्त्राच्या पुस्तकात यादी आहे, जिवंत कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, ती इंग्रजीतली यादी तिने मला मराठी करून सांगितली: "वाढते, खाते, श्वास घेते, हलते, घाण करते, पोरं करते, आणि टोचलं तर तिला कळते." म्हटलं, लाव यादी. वाढते, रेघा आहेत. खाते, मी सांगितलंच. हलते, कॅलेंडराकडून बटणांकडे गेली ती काय ट्रामने? श्वास बघायला आरसा धरला तिच्यासमोर, आरशाला घाम. घाण म्हणाल तर रोज सकाळी ओंजळभर पोपडे काढते मी केरसुणीने, न चुकता, लहान मुलाचं काढावं तसं. आणि पोरं? न्हाणीघरात चला, दाखवते. नको? बरं. पेरूएवढं पिल्लू आहे, अशाच मिशा. लाहिरी बौदींकडे तर ह्याच भिंतीच्या पाठीमागे हिची जाऊच बसलीय. बौदी मला सांगायला आल्या, डोक्याला हात लावून, "दीदी, ओटा तो ड्याम्प!"—ती तर नुसती ओल. मी म्हटलं, तुमच्याकडे ड्याम्प असेल, आमच्याकडे ती जेवते.

फक्त ते टोचल्याचं जरा अडलं. लीनाने कंपासपेटीतलं करकटक घेतलं आणि खुपसलं, तर मीच किंचाळले. ती काही नाही.

हसा, हसा. मलाही येतं हसू. —काय? लोणा? हो, लोणा माहीत आहे मला, आमच्या माहेरच्या भिंतींनाही लागायचा. म्हणजे तुमचं म्हणणं, न्हाणीघराचा पाइप ह्या भिंतीतून जातो, तो झिरपतो, पाणी विटांतलं मीठ घेऊन वर येतं, पाणी उडून जातं आणि मीठ राहतं, त्याच ह्या मिशा. हं. चाखून बघितलंय मी, खारटच आहे. पण घामही खारट असतो, अश्रूही. आणि खिडकीचं काय? हा काळा कागद? तो गेल्या डिसेंबरातला, लढाई चालू होती ना, ब्लॅकआउट होता, तेव्हा ह्यांनी लावलेला. घरात मैद्याची खळ केली, स्टुलावर उभे राहिले, आणि कागद लावता लावता मला आणि लीनाला पाकिस्तानचं नौदल समजावून सांगत होते, पाऊण तास. मग लढाई संपली, सगळ्यांनी कागद काढले, हे म्हणाले, रविवारी काढतो. मग रविवार येत गेले. मग हे पडले. आता ह्यांच्या हातचं आहे, म्हणून मी—

असं म्हणता? ऊन येत नाही म्हणून भिंत वाळत नाही? शक्य आहे. शक्य आहे हो, मी कुठे नाही म्हणतेय.

पण मला एक सांगा, तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या पुस्तकांत तरी नीट लिहिलंय का हे? नाही म्हणजे, वाढतं म्हणून जिवंत का? मग आमची रॉकेलची रांग घ्या. ती वाढते, पुढे सरकते, घाम गाळते, आणि तिला पोरंही होतात, एकाच्या ओळखीने चार मध्ये घुसतात ती. म्हणून रांगेला कुणी जीव म्हणतं? आभाळात ढग वाढतात, त्यांतून ढग फुटतात. हावड्याच्या पुलावरून बघावं तर नदीत वाळूचं बेट गेल्या वर्षीपेक्षा हे एवढं पुढे आलेलं. समई घ्या. समईची ज्योत तेल खाते, वारा लागतो तिला, भांडं उपडं घातलं की जीव जातो तिचा, काजळी धरते म्हणजे घाण करते, आणि एकीवरून शंभर लावा, पोरंच की! यादीतलं बहुतेक सगळं आहे समईत. तरी मी रोज दिवा मालवते, त्यात हत्या झाली असं मला एकदाही वाटलेलं नाही. का वाटत नाही? विचार करायला लागले तेव्हा भाजी करपली माझी दोनदा.

आणि मग एक दिवस मांजर आठवली. लाहिरी बौदींची, ती शेपटी. तिने काय केलं? नाही म्हटलं. लक्खीने काय केलं? पोळी परत दिली. लीना तान्ही असताना बाळकडूचा चमचा दिसला की ओठ असे आवळायची की दोघींनी धरावं लागायचं तिला. म्हणजे बघा हं, मी म्हणते त्यात चूक असेल तर सांगा—ज्योत कधी नाही म्हणते का? तिला तूप घाला, तेल घाला, पडद्याचं टोक द्या, साऱ्या घराची होळी द्या, घेते. ढगाला वारा नेईल तिकडे जातो, "आज मला बरं नाही" म्हणून थांबलेला ढग पाहिलाय? नदी तर—नाही, गंगेचं नाव नाही घेत ह्यात मी, ती देवी आहे, तिचं खातं वेगळं—पण नुसतं पाणी म्हणून बघितलं तर काय घेत नाही ती? फुलं टाका, मूर्ती टाका, गिरणीचं काळं पाणी सोडा, घेते. तेव्हा वाढणं, हलणं, खाणं, ते कुणालाही जमतं, वारासुद्धा करतो. पण समोर आलेलं नाकारायला आत कोणीतरी बसलेलं लागतं. ज्याला नाही म्हणता येतं तो जिवंत. लीनाला सांगितलं तर म्हणाली, "आई, हे पुस्तकात नाही आहे, मार्क नाही मिळणार." नाही तर नाही.

मग मी तिची परीक्षा घेतली. ह्या ओलीची. घास तर रोज चाललाच होता, वर थोडंथोडं. कारल्याचा रस लावला. घेतलान. एरंडेल लावलं, त्याला नाही म्हणणार नाही असा प्राणी जन्माला आलेला नाही, तेही घेतलान. बौदींकडून वाटीत हिलशाचं कालवण आणलं, देवा क्षमा कर, नाकाला पदर लावून एक थेंब टेकवला. घेतलान. शेवटी भर चातुर्मासात, भर एकादशीला, बौदींच्याच घरचा चिरलेला कांदा ठेवला पट्टीवर आणि म्हटलं, आज तरी नाही म्हण गं बाई, एकदा. सकाळी कांदा नाही आणि ही एक बोट पुढे. म्हणजे एक तर हिला जीव नाही, नाहीतर हिच्याकडे पंचांग नाही.

...

हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्हालाही सांगायचं नव्हतं. मी तर ती जिवंत आहे हे पटवून तुम्हाला चहा पाजून वाटेला लावणार होते! कार्तिकीपर्यंत ढकललं असतं कसंतरी. आता काय लपवायचं? तिला जीव नाही, तर चाळीस दिवस मी नेम मोडून जेवतेय. रोज दोन वेळा. आणि मोडलेला नेम ज्याच्या नावाने धरलेला असतो त्यालाच जाऊन लागतो, आमच्याकडे तसं म्हणतात. मी म्हणत नाही. पण म्हणतात.

आणि खरं सांगू? मला नेमाचीही एवढी भीती नव्हती. ती परीक्षा सुचली ना, तेव्हापासून मी ह्यांच्याकडे जायची ती जरा दबकतच जायची. कारण ह्यांचंही तसंच होतं. चमचा ओठाला लावला की तोंड उघडतं, घास ठेवला की गिळला जातो. पेज, वरण, औषध, गोड, अळणी, काहीही. पाच महिने. एका दुपारी लीना शाळेत होती तेव्हा तिचं पुस्तक घेऊन बसले ह्यांच्या पलंगाशी आणि यादी लावली. कुणाजवळ बोलू नका. वाढतात? दाढी वाढते, मीच करते. खातात. श्वास आहे. बाकीचं मी काढते. टोचलं तर—नाही. डॉक्टरांनीच सांगितलेलं. म्हणजे जे भिंतीत, तेच ह्यांच्यात. एक कमीच, भिंत निदान बटणांपर्यंत सरकली. मी पुस्तक मिटलं आणि दप्तरात ठेवून दिलं, आणि त्या दिवशी ओलीला घास घातला तो तिच्याकडे न बघताच.

मग गेल्या आठवड्यातला मंगळवार. बाजारात दुर्गापूजेनंतर काही म्हणता काही नव्हतं, म्हणून दुधी आणला. खूप मऊ शिजवला, चमच्याने कुस्करला, आणि नेहमीसारखा चमचा लावला ओठाला. उघडलं नाही तोंड. मला आधी कळलंच नाही, मी चमचा घेऊन तशीच बसलेली. ओठ मिटलेले, विनायकराव. असे. घट्ट. अहो, दुधी! तुम्हाला काय सांगू, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी दुधी केला तर हा माणूस पाटावरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, ही भाजी नव्हे, हे पाण्याने घेतलेलं सोंग आहे." एकवीस वर्षं आमच्या घरात दुधी शिजला नाही. मीच विसरले होते. मी विसरले होते आणि ह्यांना—

की नुसता जबडा आवळला? पेटका आला असेल? डॉक्टर म्हणतात तसं होतं कधीकधी, आपोआप, त्यात अर्थ नसतो. मला ठाऊक नाही. दुसऱ्यांदा चमचा लावायचा धीर झाला नाही मला. उघडलं असतं तर? मी वाटी झाकली, दूधपोहे कुस्करून दिले, ते मुकाट्याने घेतले. डॉक्टरांना कळवलं नाही, लीनाला बोलले नाही. तेव्हापासून रोज बाजारात जाते, एक दुधी आणते, आणि शिजवत नाही. त्या कॉटखाली बघा. पाच आहेत. बौदी विचारत होत्या, तुमच्यात दुधीची कसली पूजा असते का म्हणून.

आणि आत्ता, बघा, तुमच्याशी बोलता बोलताच हे मनात आलं—ह्यांनी नाही म्हटलं असेल, तर हे आहेत. आणि हे आहेत, तर मी रोज साडेबाराला, स्वतः जेवायच्या आधी, पुरात आणि उपासात, एक दिवस न चुकता घास कुणाला घालतेय? मुका जीव! देवा रे, काय बोलतेय मी. एकवीस वर्षांत ह्या माणसाने कधी दोन मिनिटं तोंड मिटलं नव्हतं. पेपर मोठ्याने वाचायचा, जेवताना बोलायचं, दाढीचा फेस तोंडात जायचा तरी बोलायचं, मला मेलीला मध्ये "हं" म्हणायलासुद्धा फट सापडायची नाही. त्यांना मी मुका जीव म्हणेन असं कोण म्हणालं असतं! पण मग नेम मोडलाच नाही हो. भिंत जाऊ दे चुलीत. एक दिवससुद्धा मोडला नाही. संकल्पात "दारच्या" म्हटलं होतं आणि हे घरचे, एवढाच काय तो फरक. पण तेवढं देव धरून बसायचा नाही. तो काय कस्टम्समध्ये आहे?

म्हणून आज शिजवला. सकाळीच. तुम्ही यायच्या आधीच शिजवून ठेवलाय, आणि तेव्हापासून इकडून तिकडे नुसती फिरतेय. आता तू म्हणते रे तुला, रागावू नकोस, लेकरासारखा आहेस. मी भरवून उपयोग नाही. मी समोर बसले आणि ओठ मिटले तर त्याला काय अर्थ? बायकोला नाही म्हणायला माणूस जिवंत असावा लागत नाही, एकवीस वर्षांचा सराव पुरतो. लीनाला नाही सांगणार, तेरा वर्षांची पोर ती, तिच्या हातात हा चमचा कसा देऊ? डॉक्टर हातोडी मारतील, दुधी भरवणार नाहीत. परका हात हवा. त्यांनी कधी न पाहिलेला.

तू जेवायचा आहेस ना अजून? मेसमध्ये काय मिळत असेल ते दिसतंय तुझ्या गालांवरून. ताट वाढून ठेवलंय तुझं, वरण, भात, बटाट्याची भाजी, तुला दुधी नाही, घाबरू नकोस. पण ह्या घरात जेवायचं तर आज माझा नेम तुलाही. आधी आत एक घास, मग तुझा. एवढंच कर. भिंतीचं नंतर बघू, तिला काय घाई.

ही वाटी. चमचा लहानच घेतलाय. डाव्या बाजूने बस, उजवी त्यांना कळत नाही. आधी नाव सांग आपलं, कुठून आलास ते सांग, असं एकदम तोंडाशी जाऊ नये माणसाच्या. मग ओठाला टेकव आणि थांब. घाई करू नकोस. मी इथे पडद्याच्या अलीकडे उभी राहते, बघणार नाही. तोंड उघडलं तर काही बोलू नकोस. घास घाल, तोंड पूस, बाहेर ये आणि गॅलरीतून मिस्त्रीला हाक मार. मी समजेन. आणि मिटलं... मिटलं तर बळेबळे भरवायला जाऊ नकोस हं. त्यांना खपत नाही ते. जा.